चिमीची नाणी

प्रिय शेंडेफळा,

आज पुन्हा तुझा फोन. "ताई, बाबांची नाणी माझ्या वॉलेटमध्ये कधी येणार?" नेटवर्क अडकलंय, म्हणाले मी. थाप होती.

आजारपणात बाबांच्या उशाशी बसून त्यांना क्रिप्टो शिकवलं मी. शिकल्याबरोबर त्यांनी स्वतःचं नाणं काढलं आणि त्याला नाव दिलं 'चिमी'. बाजारात त्याला कुत्रंही विचारत नाही, पण नाव तुझं! औषधं द्यायला मी, आणि नाण्यावर नाव कोरायला तू.

ही नाणी पाठवायची रीत दुहेरी आहे. आधी 'इतकी पाठवायची' असा लेख ब्लॉकचेनच्या साखळीवर कोरायचा, मग तो लेख घेणाऱ्याच्या पत्त्यावर धाडायचा. सकाळी मी लेख इमानदारीत कोरला. धाडताना मात्र तुझ्याऐवजी माझाच पत्ता टाकला. झालं, पाठवणी रद्द आणि सगळी नाणी परत माझ्याकडे. काय गारगार वाटलं म्हणून सांगू!

तेव्हापासून दहादा वॉलेट उघडून पाहिलं. बाबांची शेवटची वस्तू माझ्या एकटीची आहे. आणि दर वेळी तिथं तुझंच नाव दिसतं.

नाइलाजानं तुझीच,
ताई