मामाकडचे थेंब

प्रिय दादा,
तुला आणि वहिनीला नमस्कार, छोटीला एक गालगुच्चा.

मी मजेत आहे. खोलीत सकाळी ऊन येतं, रंगाच्या दुकानात नवीन मशीन आलंय, आणि माझ्या नखांतला रंग काही निघत नाही. वहिनीची कंबर आता कशी आहे?

एक सांगतो, लगेच फोन करून ओरडू नकोस. मामाला प्रोस्टेटचा कॅन्सर झाल्याचं कळलं आणि मी इथे स्वतःची जनुकांची तपासणी करून घेतली. तू म्हणशील, "आपले बाबा ठणठणीत होते, मामाचं आपल्याला कसं येईल?" मीही डॉक्टरीणबाईंना हेच म्हणालो. त्या हसल्या. हे आईकडूनही येतं म्हणे, आणि बहुतेकदा एकाच दोषातून नाही. बारीकसारीक शेकडो फरक मिळून धोका वाढवतात.

मला लगेच पटलं. पांढऱ्या रंगाच्या डब्यात मी दिवसभर थेंबच तर सोडतो. काळ्याचा एक थेंब दिसतही नाही, पण पुष्कळ पडले की डबा राखाडी होतो. तपासणीत माझा डबा जरा गडद निघाला, एवढंच. आजार नाही, फक्त डॉक्टर सांगतील तेव्हा रक्त तपासायचं. तुझ्या डब्यात काय पडलंय, ते बघितल्याशिवाय कसं कळणार?

लहानपणी माझं औषध आधी तू चाखायचास आणि "कडू नाहीये रे" म्हणायचास. साफ खोटं! या वेळी मी आधी चाखलंय. खरंच कडू नाही, दादा. जा, तपासून ये.

तुझाच,
धाकटा