कडेच्या खाचा

सोमवार, ३ नोव्हेंबर
अखेर कॉलेजच्या रस्त्याला माझ्या रंबल स्ट्रिप्स बसल्या. कडेला ओळीने खाचा. चाक सरकलं की घर्रर्र, डुलक्या घेणारा खडबडून जागा. आमच्याच डिपार्टमेंटच्या अश्लेषाने कॅमेरा लावलाय. कोणत्या गाड्या खाचांवर जातात, दोन आठवडे मोजणार. जयपूरच्या ड्रायव्हरांचं बिंग फुटणार. रिसर्च पेपर नक्की.

मंगळवार, ४
गार्गीला शाळेत सोडताना घर्रर्र. मुद्दाम चाक घातलं होतं. चाचणी नको का? संध्याकाळी अमिताने बजावलं, लेक गाडीत असताना पुन्हा डुलकी काढलीस तर किल्ली माझ्याकडे. मी डुलकी काढत नाही. विचार करताना डोळे मिटतात. डॉक्टर असून हिला फरक कळू नये!

गुरुवार, ६
संकल्प: रोज दहाला झोपणे.

शुक्रवार, ७
मॅच साडेबाराला संपली. संकल्प सोमवारपासून.

सोमवार, १०
गार्गीला गणिताची गोडी लागलीय. खातीपुऱ्यातून निघालो की पाढे सुरू, तेही ओरडून. हिंदीत म्हणते, पण सतरापर्यंत येतात. डोकं माझ्यावर गेलंय.

गुरुवार, १३
घर्रर्र, दोनदा. गार्गी म्हणाली, ‘बाबा, फिर से.’ तिला सांगितलं, टायरमध्ये हवा कमी आहे. पंपावर गेलो. भैया म्हणाला, हवा बरोबर आहे. त्याला काय कळतंय.

सोमवार, १७
रिपोर्ट आला. खाचांवर चाक गेल्याच्या तेवीस नोंदी, त्यातल्या चौदा एकाच गाडीच्या. मी भडकलो. म्हटलं, या माणसाचं लायसन्स काढून घ्यायला हवं, गाडीत एखादं मूल असलं तर? अश्लेषाने लॅपटॉप माझ्याकडे वळवला आणि खिडकीबाहेर बघत बसली.
गाडी पांढरी. नंबर माझा. फोटोत माझी मान खाली. शेजारी गार्गी, तोंड उघडं, पाढा चालू असावा.
 सॅम्पल लहान आहे, एवढंच म्हणालो.

मंगळवार, २५. संध्याकाळी
गेल्या आठवड्यात किल्ली मीच अमिताच्या हातात दिली. (मागण्याआधी दिली, हे नोंदवलेलं बरं.) आता गार्गीला तीच सोडते. मी कॉलेजच्या बसने जातो. बस उत्तम, सोडाला स्टॉप यायच्या आतच झोप लागते.
गार्गी चित्र काढत होती. म्हटलं, सतराचा पाढा म्हणून दाखव. तिने मान वर केली नाही.
‘अब जरूरत नहीं, बाबा. मतलब, आई जागी असते ना.’