पिवळ्या चिठ्ठ्यांचं उच्चाटन

तीर्थरूप ताईस,

शिरसाष्टांग नमस्कार. (साष्टांग घालणं आता माझ्या कंबरेला झेपत नाही, तेव्हा शिरापुरताच गोड मानून घे.) भाची आणि बाळ सुखरूप असल्याचं भाऊजींकडून कळलं. बाळ दिवसभर झोपतं आणि उरलेल्या वेळात कुणालाच झोपू देत नाही, हेही कळलं. आजोळच्या वळणावर गेलंय म्हणायचं. तुझा गुडघा कसा आहे? जिने कमी चढ. इकडे सगळं ठीक आहे. (हे वाक्य सवयीने लिहून गेलो. खोडावं का, असा विचार केला. पण पुढचं वाचल्यावर तूच खोडशील, म्हणून राहू दिलं.)

फोन सोडून पत्र का, असं तुला वाटेल. फोनवर मी "ताई, एक सांगायचंय" म्हटलं की तू "जेवलास का?" विचारतेस आणि मग जे सांगायचं ते राहून जातं. गेल्या तीन आठवड्यांत असं चार वेळा झालं. डायरीत नोंद आहे. त्यातल्या दोन वेळा राहून गेलं म्हणून मला बरंच वाटलं, अशीही नोंद आहे.

तुला माहीतच आहे की मी चव्वेचाळिसाव्या वर्षी पुन्हा पदवीला बसलोय. आमच्या बस आगाराच्या भांडारात सुट्या भागांचा हिशेब ठेवण्यात माझी एकोणीस वर्षं गेली, पण भांडारप्रमुख व्हायचं तर 'संबंधित विषयातली पदवी' हवी, असा नवा नियम निघाला. माझी पहिली पदवी इतिहासाची. साहेबांच्या मते इतिहासाचा भांडाराशी संबंध नाही. (ते कधी मागच्या फडताळापर्यंत आलेले नाहीत.) म्हणून बिझनेस स्कूलमध्ये 'माहिती व्यवस्था आणि कार्यव्यवस्थापन' हा तीन वर्षांचा अभ्यासक्रम घेतला. इमारत सगळी काचेची आहे आणि आत सगळीकडे बाण काढलेले आहेत. रांग कमीत कमी वेळात कशी हलवावी याचं शास्त्र तिथे पहिल्याच वर्षी शिकवतात, आणि ते शिकायला लागणारं ओळखपत्र मिळवायला मी चार रांगांत मिळून पावणेचार तास उभा होतो. हे मी वर्गात बोलून दाखवलं, तर आमचे सर म्हणाले, "उत्तम निरीक्षण," आणि पुढे शिकवू लागले. या सरांना मुलं प्रवाहसर म्हणतात, कारण त्यांच्या मते जगात दोनच गोष्टी आहेत, प्रवाह आणि तुंबलेला प्रवाह.

शेवटच्या वर्षी चौघांनी मिळून खऱ्याखुऱ्या ठिकाणी जायचं, तिथलं काम मोजायचं, सुधारायचं आणि अहवाल द्यायचा, असा प्रकल्प असतो. त्यात नापास तो वर्षात नापास. माझ्या गटात एकोणीस-वीस वर्षांची तिघं आहेत. एक मुलगी सतत वेळ मोजते, तिला आम्ही सेकंदबाई म्हणतो. एक मुलगा काहीही झालं की त्याचा तक्ता काढतो, तो तक्तेवाला. तिसरा कशालाही "हो, हो" म्हणतो. तिघंही मला काका म्हणतात, आणि गुण कमी पडले की 'सर' म्हणतात. जागा शोधायची वेळ आली तेव्हा तिघांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, माझ्या बहिणीचं चष्म्याचं दुकान आहे. हे मी का म्हणालो, याचा मी बराच विचार केला आहे. मदतीची इच्छा साधारण तीस टक्के असावी, बाकी मोठेपणा.

आता तुला जे कुणीच सांगितलेलं नाही ते सांगतो. भाचीचे दिवस आधीच भरले आणि तू तासाभरात निघालीस. निघताना भाऊजींना दोनच गोष्टी बजावल्यास: मी येईपर्यंत नवे नंबर घेऊ नका, नुसत्या दुरुस्त्या घ्या, आणि माझ्या खणाला हात लावू नका. भाऊजी पाळणार होते गं. काउंटरवर तशी पाटीही लावली होती त्यांनी. पण दुसऱ्या दिवशी आम्ही चौघं हजर. प्रवाहच बंद असेल तर मोजणार काय? मी भाऊजींना बाजूला घेऊन समजावलं की ताई दमून येईल, तिला दुकान बंद पडलेलं दिसण्यापेक्षा जोरात चाललेलं दिसलं तर केवढा आनंद होईल. भाऊजी म्हणाले, "बघ बाबा, तू शिकलेला आहेस." हे वाक्य माझ्या डायरीत अधोरेखित आहे. तेव्हा ते अभिमानाने केलं होतं.

मुलांनी कामाचा नकाशा काढला. भाऊजी आतल्या खोलीत डोळे तपासून पांढऱ्या कार्डावर उजव्या-डाव्या डोळ्याचा नंबर लिहितात. ते कार्ड तुझ्या खणात दिवसभर पडून राहतं. मग तू तोच नंबर पिवळ्या चिठ्ठीवर पुन्हा हाताने लिहितेस, आणि ती चिठ्ठी मागच्या बाकावर काचवाल्या काकांकडे जाते. ते काच घासून बसवतात. सेकंदबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. (आनंदाचं.) एकच माहिती दोनदा लिहायची, आणि मध्ये चोवीस तास खणात! पुस्तकात असं उदाहरण नसतं, काका, असं ती म्हणाली. तक्तेवाल्याने तारेला ओवून ठेवलेल्या तुझ्या मागच्या दोन वर्षांच्या चिठ्ठ्या काढल्या आणि कार्डांशी ताडून पाहिल्या. (हो, त्या खणात होत्या. हो, हात लावला.) दुपारी तो पांढराफटक पडून माझ्याकडे आला. काचवाल्या काकांकडे गेलेल्या एकूण एक चिठ्ठीत उजव्याचा नंबर डाव्याला आणि डाव्याचा उजव्याला. शंभर टक्के चूक. जाड नंबरांच्या काही चिठ्ठ्या बाहेरच्या कारखान्यात जातात, त्या तेवढ्या बरोबर होत्या. त्या त्याने 'अभ्यासाच्या कक्षेबाहेर' म्हणून वगळल्या.

ताई, त्या क्षणी मी तुला फोन करायला हवा होता. नाही केला. बहीण बाळंतिणीपाशी बसलेली, तिला आपण विचारायचं की तुला उजवं-डावं कळत नाही का? भाऊजींनाही सांगितलं नाही. म्हटलं, झाकली मूठ. मुलांना बजावलं की हे कुठे बोलू नका, आपण गुपचूप चिठ्ठ्याच काढून टाकू, म्हणजे चूकही जाईल आणि ताईची लाजही राहील. मला माझ्याच नाजूक स्वभावाचं कौतुक वाटलं. मग मुलांनी संगणकाचा एक पडदा आणला. भाऊजी आत नंबर टिपतात, तो काकांच्या बाकावरच्या पडद्यावर उमटतो. चिठ्ठी नाही, खण नाही. चष्मा चार दिवसांऐवजी दीड दिवसात तयार. प्रवाहसर येऊन पाहून गेले, आणि जाताना दारात उभं राहून "वा, वाहतंय," एवढंच म्हणाले.

आठवड्याने पहिल्या आल्या त्या निवृत्त मुख्याध्यापिका. नव्या चष्म्यातून पायरी दिसते तिथे नसते आणि असते तिथे दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं. भाऊजींनी सवय होईल म्हणून सांगितलं. बाई म्हणाल्या, "चाळीस वर्षं मुलांना सवयी लावल्या मी. मला शिकवू नका." त्यांच्या मागोमाग शिंपीमास्तर आले. त्यांनी एका गिऱ्हाइकाच्या कोटाची एक बाही चार बोटं आखूड बेतली होती आणि तो कोट पुरावा म्हणून सोबत आणला होता. एक बसचालक आमच्याच आगारातला. त्याने सुदैवाने नवा चष्मा फक्त पेपर वाचायला ठेवला होता आणि पेपरातल्या बातम्या वाईट असल्याने डोकं दुखतंय असं तो धरून चालला होता. एकूण तेवीस जण आले. तक्तेवाल्याने असमाधानी गिऱ्हाइकांचा तक्ता काढला. दोन्ही डोळ्यांचा नंबर सारखाच असलेली सतरा माणसं अतिशय समाधानी होती, म्हणून सरासरी वाईट नव्हती.

मी वही घेऊन काकांच्या बाकाशी जाऊन बसलो. काका चष्मा धरतात तो आपल्याकडे तोंड करून, जसं समोरचा माणूस घालून बसलाय. मग पडद्यावर 'उजवा' दिसला की आपल्या उजव्या हाताच्या बाजूला काच बसवतात. म्हणजे घालणाऱ्याच्या डाव्या डोळ्याला. मी हळूच विचारलं, काका, असंच बसवता का नेहमी? "अठरा वर्षं असंच बसवतोय," ते म्हणाले. "ताईंनी एका शब्दाने कधी बोल लावला नाही. तुम्ही काय, आज वही घेऊन आलात."

बोल कसा लावशील तू? तू त्या माणसाला अठरा वर्षं उलट्या चिठ्ठ्या लिहून देत होतीस, म्हणजे त्याच्या हातून सुलट चष्मे निघावेत. कुणाला सांगितलं नाहीस, भाऊजींनासुद्धा नाही. मी मात्र तीन वर्षं माहिती व्यवस्था शिकून तुझी व्यवस्था बारा दिवसांत मोडून दाखवली. तुला वाचवायला म्हणून जे लपवलं, ते विचारलं असतं तर तेवीस माणसं धडपडली नसती. तू काकांना झाकत होतीस, मी तुला झाकत होतो. पण तुझ्या झाकण्याने लोकांना दिसत होतं आणि माझ्याने दिसेनासं झालं.

पडदा त्याच दिवशी उतरवला. काकांना सांगितलं की बिघडला. (खोटं. नोंद आहे.) आता पिवळ्या चिठ्ठ्या मीच लिहितो, उलट्या. तेवीसही चष्मे बदलून दिले. भाऊजींना सगळं सांगावं लागलं. त्यांनी तुझी रिकामी खुर्ची टेबलापाशी नीट सरकवून ठेवली आणि म्हणाले, "आणि मी हिला म्हणायचो, दोनदा कशाला लिहीत बसतेस." त्यांनी हे तुला कळवू नको असं सांगितलंय. मी कळवतोय, कारण या घरात कुणी काही लपवलं की पुढे काय होतं ते मी आत्ताच मोजून बसलोय.

बाळाला अनेक आशीर्वाद. भाचीला सांग, मामा लवकरच येऊन जाईल, आणि आल्यावर कशाचीही वेळ मोजणार नाही.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. : सोबत कॉलेजचा एक फॉर्म आहे. घाबरू नकोस. मुलांच्या अहवालात अजून 'मालकीणबाईंकडून होणाऱ्या शंभर टक्के चुकांचं उच्चाटन' असंच आहे, आणि प्रवाहसरांना तो भाग फार आवडलाय. मी खरी हकीकत नववं पान म्हणून जोडली. सर म्हणाले, बहिणीची बाजू भाऊ घेणारच. तिचं लेखी आणा, नाहीतर हे पान काढा. पान काढलं तर आम्ही चांगल्या गुणांनी पास. पान ठेवलं आणि तुझं लेखी नसलं, तर मी नापास. मुलांनी आपली नावं त्या पानावरून आधीच काढून घेतली आहेत. (हो-हो म्हणणारासुद्धा. आयुष्यात पहिल्यांदा तो नाही म्हणाला.) पान मी काढणार नाही. म्हणजे आजपर्यंत तरी काढलेलं नाही.

ता. क. २ : फॉर्मवर दोनच चौकोन आहेत, 'चूक मान्य' आणि 'चूक अमान्य'. तिसरा मी पट्टीने आखलाय, त्याच्यासमोर 'मुद्दाम' असं लिहिलंय. तिथे खूण करून सही कर. तारीख आजचीच घाल, मागची घालू नकोस. मुदत उलटून गेल्याने दहा गुण जातील पण मला झोप येईल. काकांचं नाव कुठेही नाही. अहवालात ते 'स्थानक क्रमांक तीन' आहेत, आणि ते अहवाल वाचायला घेणार नाहीत याची मी खात्री करून घेतली आहे. जवळचं बारीक त्यांना हल्ली दिसत नाही. (हा त्यांचा चष्माही त्यांनीच बनवलाय. आता माझ्या लक्षात आलं. चिठ्ठी तूच लिहिली होतीस ना? की हा एकच त्यांनी तुला न विचारता केला?)

ता. क. ३ : सही करावी असा माझा मुळीच आग्रह नाही. तुला न विचारता तुझ्या खणाला हात लावणाऱ्याला नापास करायचा तुला पूर्ण हक्क आहे, आणि मी तो मनापासून मान्य करतो. फक्त माहितीसाठी कळवतो की नापास झालो तर पुढच्या वर्षी हाच प्रकल्प मला पुन्हा पहिल्यापासून करावा लागेल, आणि शहरातली बाकी सगळी दुकानं आम्हाला आत घ्यायला नाही म्हणाली आहेत.