गाऱ्हाणं बदला

बाबा,

पण माझ्या नावानं देवाला गाऱ्हाणं घालायला तुम्हाला सांगितलं कोणी? तुमचा थोरला, सुदेशदादा, मोटारसायकलवरून पडून वारला, म्हणून तुम्ही रवळनाथासमोर नारळ ठेवून बोललात, "माझो चंदन गाडयेक हात लावचो नाय." मला एका शब्दानं विचारलं नाही.

तर ऐका. काल इथे दुबईत मला मोटारसायकलचं लायसन मिळालं. पहिल्या टेस्टला मी आपल्या घाटातल्यासारखा प्रत्येक वळणावर हॉर्न मारला. साहेबानं नापास केलं. खोलीतला केरळवाला हसला, "हॉर्न बजाके किसको बुला रहा था रे?" दुसऱ्या खेपेला हॉर्नला हात लावला नाही, पास झालो. उद्यापासून हॉटेलचं जेवण घरोघर पोचवणार.

दादा मलाही आठवतो. पण त्या भीतीपोटी मी जन्मभर इथल्या बांधकामांवर उन्हात सळ्या उचलणार नाय. रवळनाथाकडे जावा आणि गाऱ्हाणं बदलून घाला, "माझो झिल चंदन गाडी चलयता, तेका सांभाळ, म्हाराजा."

हे पत्र तुम्ही न वाचताच फाडाल, म्हणून पाठवत नाही. फोनवर एवढंच सांगेन, की रवळनाथाच्या नारळाचे आणि कोंबड्याचे पैसे पाठवलेत, दीड हजार रुपये.

तुमचा न ऐकणारा,
चंदन