सोळा तास, अठरा नव्हेत

ती. मावशीस साष्टांग नमस्कार.

तुझा गुडघा कसा आहे? काकांचा खोकला? तुझ्या धाकटीची खुशाली मात्र मी विचारत नाही. तिच्याविषयी शेवटी लिहिते. आधी बसून घे.

मी परत आल्यापासून इथली संस्था मला शाळांत, सभागृहांत भाषणाला उभी करते. चोरवाटेने परदेशी जाऊ नका, एवढंच सांगायचं असतं. तुला ठाऊकच आहे, मासळीच्या गाडीत, बर्फाच्या पेट्यांमागे, अकरा माणसांत दुमडून मी सोळा तास काढले. संस्थेचे साहेब म्हणतात, अठरा सांगा, परिणाम होतो. मी सांगत नाही. (खोटं बोलायचं नाही हे आईनं घरीच शिकवलं, तुझीच बहीण ती, तूच काय ते बघ.) म्हणून मी सगळं खरं खरं सांगते: गाडी कुठे कुठे थांबली, हवा कुठल्या फटीतून यायची, शेजारची शिंपीणबाई कितव्या तासाला बोलायची थांबली.

आणि लोक काय करतात? मला सल्ले देतात. एक गृहस्थ म्हणाले, दोन स्वेटर न्यायचे होते. एक आजोबा म्हणाले, आत कशाला शिरलीस, दाराशी बसायचं. जणू मी सहलीला गेले आणि जागा चुकले. शिंपीणबाईचं पुढे काय झालं, हे एकानंही विचारलेलं नाही. वर चहाच्या वेळी कोपऱ्यात गाठून हळूच दलालाचा नंबर मागतात. अंगाचा नुसता तिळपापड होतो. पालथ्या घड्यावर पाणी परवडलं गं. हे लोक घडा भरून घरी नेतात.

परवा पहिल्या रांगेत एक मुलगी वहीत भराभर लिहून घेत होती. मला इतका आनंद झाला की तिच्यासाठी सगळे थांबे पुन्हा सावकाश सांगितले. शेवटी तिनं हात वर केला.

"ताई, ती फट डावीकडे होती की उजवीकडे?"

मी डावीकडे म्हणाले. खरं तेच होतं ना.

तुझी भाची

ता. क. ती मुलगी म्हणजे आपली धाकटी. वही उशीखाली असेल. जाळून टाक.

ता. क. पलंगाखालची निळी बॅग सहलीसाठी नाही. बॅग माझीच, तिनं मागितली, मी दिली. चेन अडकते, साबण लाव, हेही मीच सांगितलं.

ता. क. तिला ओरडू नकोस, नाहीतर उद्या निघायची ती आजच निघेल. मला बोलावून घे. या खेपेला शिंपीणबाईपासूनच सुरुवात करते. आणि आईला कळू देऊ नकोस, पण धाकटीला मी अठरा तास सांगणार आहे.