मावळतीनंतरचे छत

वरठी, मंगळवार, सायंकाळ

शकुंतला मनोहर लांजेवार, आज तुझ्या धाकट्या भावाने, गजाननने, बांधलेल्या घराचे छत मी स्टुलावर चढून तळहाताने तपासले. उन्हाची झळ अडवणाऱ्या नव्या घरांना बिलात सूट देणारी वीज कंपनीची योजना. तिचे नियम मीच लिहिलेले आणि हे त्यातले पहिले घर. स्लॅबवर उष्णतारोधक थर घातल्याचे कागद चोख आहेत. मग सूर्य मावळल्यावरही छत इतके कढत का?

"भंडाऱ्याचं ऊन हाय भाऊजी," गजानन हसला. "त्याले तुमचा नियम वाचता येते काय?"

"थर घातला होता ना?"

"फोटो देल्ला ना तुमाले."

फोटोत थर दिसतो, आणि मागे तलावही दिसतो. या घरामागे तलाव कुठे आहे? थर झाकण्यापूर्वी कोणी प्रत्यक्ष पाहावे, असे मी लिहिले नाही. फोटो पुरेसा मानला. ही चूक माझीच. आणि तरी छत कढत होते, हे मी पुन्हा लिहितो.

अखेरच्या दिवसांत तू म्हणाली होतीस, "गज्याले सांभाळजा." सांभाळणे म्हणजे सवलतीच्या मंजुरीवर ही सही करणे काय? मला तसे वाटत नाही. वाटावे, असे मात्र फार वाटले.

सही न करताच पेन खिशात ठेवले, तेव्हा तो हळूच म्हणाला, "ताई असती तं तुम्ही सही केली असती."

केली असती बहुधा.

दाराला कुलूप लावले आणि किल्ल्या त्याच्या हाती परत दिल्या.