फेरनिवडणूक कुणाच्या पगारातून?

आदरणीय भावोजी,

एका दुपारपुरत्या निवडून आलेल्या तुमच्या मेहुण्याचा तुम्हाला आणि ताईला वाकून नमस्कार. तुमचा गुडघा आता जिने चढू देतो का? ताईचा खोकला गेला, की अजून पाहुणे आल्यावर तेवढा येतो? (हे वाक्य तिला वाचून दाखवू नका.) आमच्याकडे सगळं ठीक. हिची तब्येत उत्तम आहे आणि माझ्यावरचा राग त्याहून उत्तम.

तुम्ही फोनवर विचारलंत, "अहो, नक्की जिंकलात की हरलात?" ते फोनवर सांगून कळण्यासारखं नाही, म्हणून सविस्तर लिहितो. प्रभागात माझ्यासमोर बेकरीवाला उभा होता. माणूस वाईट नाही, पण त्याच्या दुकानात रोज अख्खी गल्ली येते आणि माझ्या चष्म्याच्या दुकानात माणूस काच फुटली तरच येतो. त्यामुळे मी घरोघर फिरलो, म्हाताऱ्यांच्या चष्म्यांचे ढिले स्क्रू फुकट आवळून दिले, आणि कोपऱ्याकोपऱ्यावर माझे एवढाले फोटो लावले की हिने दूध आणायचा रस्ता बदलला.

मतदानाच्या दिवशी शाळेच्या वर्गात शिरलो, मतपत्रिका उलगडली आणि बघतो तर काय, बेकरीवाल्याच्या नावासमोर माझा फोटो! माझ्या नावासमोर बेकरीवाला, मख्ख चेहऱ्याने. आधी वाटलं, आपला नंबर वाढला. (आमच्या धंद्यात हा संशय पहिला येतो.) आता मत नावाला द्यावं की चेहऱ्याला, या विचारात मी पडद्यामागे इतका वेळ उभा राहिलो की तिथल्या बाईंनी विचारलं, "काका, पाणी देऊ का?" शेवटी चेहऱ्याला दिलं. रोज दाढी त्याचीच करतो ना.

मोजणीत बेकरीवाल्याचं नाव आणि माझा चेहरा असे दोघे मिळून दणक्यात निवडून आले. हार त्यानेही घातला, मीही घातला. त्याचं म्हणणं, लोक नाव वाचतात. माझं म्हणणं, आमच्या प्रभागात इतकं बारीक कुणालाही वाचता येत नाही, आणि हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? दोन मिरवणुका चौकात समोरासमोर आल्या. बँडवाला दोघांनी एकच ठरवलेला निघाला. तो बिचारा मधोमध उभा राहून आळीपाळीने दोघांकडे तोंड करून वाजवत होता. संध्याकाळी निरोप आला, निवडणूक रद्द, सगळं पुन्हा पहिल्यापासून.

दुसऱ्या दिवशी मी आणि बेकरीवाला, दोघं मिळून निवडणूक कचेरीत गेलो. (दोघांचंही दिवाळं निघालं की मैत्री लवकर जमते.) साहेब सौजन्याचा पुतळा. म्हणाले, "चूक आमचीच आहे. नव्या मतपत्रिका, कर्मचारी, पेट्या, सगळा खर्च सरकार करणार."

"आणि सरकारकडे कुठून येणार?" मी विचारलं.

"करातून."

"म्हणजे चूक तुमची, पैसे आमचे आणि वर उपकार सरकारचे?"

बेकरीवाला म्हणाला, "आणि आमच्या प्रचाराचं काय? भट्टी नोकरांवर सोडून फिरत होतो. लोक अजून करपलेला पाव परत आणून देतायत."

"प्रचार ही तुमची हौस," साहेब म्हणाले.

हौस! भावोजी, मी ताडकन उठलो आणि म्हणालो, "ज्याने फोटो चिकटवले त्याच्या पगारातून कापा!" मला वाटलं साहेब चिडतील, पण त्यांचा चेहरा असा खुलला की विचारू नका. सगळी चूक एकाच्या गळ्यात जाऊन पडणार असेल तर बाकीच्यांना आनंदच. "लेखी द्या," म्हणाले, आणि स्वतःचं पेन पुढे केलं.

तिथेच अर्ज खरडला. बेकरीच्या काउंटरवर लोकांच्या सह्या घेतल्या. वाचनालयात सभा घेतली. "चुकणाऱ्याच्या खिशाला चटका बसल्याशिवाय कारभार सुधारणार नाही!" असं मी गरजलो, तेव्हा मला कधीच मत न देणारे लोकही टाळ्या वाजवत होते. हीसुद्धा घरी आल्यावर म्हणाली, "पहिल्यांदाच मुद्द्याचं बोललात." या खेपेला मी निवडून आलो म्हणूनच समजा.

ताईला नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचा,
होऊ घातलेला नगरसेवक

ता. क. पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात कचेरीतून निरोप आला. फोटो लावणारा कारकून सापडला. भावोजी, तुमचा धाकटा तिथे कधी चिकटला? ताई तर म्हणत होती, इथे वसतिगृहात राहून परीक्षेचा अभ्यास करतोय! लगेच त्याला फोन लावला. पोरगं रडत होतं. "नोकरी पक्की झाल्यावर सांगणार होतो, मामा." मी म्हटलं, "अरे गाढवा, मामाचा चेहरा ओळखता येत नाही?" तर म्हणतो, "तुम्ही फोटोत हसत होतात. तुम्हाला असं कधी बघितलंच नव्हतं, वाटलं हे बेकरीवालेच." तडक कचेरी गाठली, अर्ज परत मागितला. साहेब म्हणाले, "तो वर गेला. वरिष्ठांना फार आवडलाय."

ता. क. दुसरा. आता उपाय एकच. मुलाचे वडील म्हणून तुम्ही माझ्याविरुद्ध हरकत घ्या. नव्या मुलाच्या हाती काम देऊन वरच्या एकानेही ते तपासलं नाही, तेव्हा चूक अख्ख्या कचेरीची आणि खर्च सरकारचाच, असा मजकूर मीच लिहून सोबत जोडला आहे. तुम्ही फक्त सही करून उलट टपाली पाठवा. रविवारी पुन्हा सभा घेऊन माझं म्हणणं मागे घेणार आहे. मतं जातील, जाऊ देत. पोराला रागावू नका, दोन दिवस जेवला नाहीये म्हणे. आणि हो, हरकतीत "सदर अर्जदार हा आडमुठा, उतावळा व स्वतःला फार शहाणा समजणारा इसम आहे" असं वाक्य आहे, ते खोडू नका. त्यानेच मजकुराला वजन आलं आहे. साक्षीदार म्हणून बेकरीवाल्याने तेवढंच वाचून सही ठोकली. त्याच्या वरची सही हिची आहे. तिने तर बाकीचा मजकूर वाचलाही नाही.